ब्रॅडफर्डची वही वाचताना: वसाहतकाराचा वृत्तांत साधन म्हणून कसा वापरावा

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी विल्यम ब्रॅडफर्डचा ‘ऑफ प्लिमथ प्लँटेशन’ हा वृत्तांत निवडला, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. हा माणूस १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला, १६२१ साली प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झाला, मधली काही वर्षं सोडली तर १६५७ साली मरेपर्यंत त्याच पदावर राहिला, आणि हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलं. प्रत्यक्ष पाहणारा, वर कारभारी. आणखी काय हवं? मी टिपणं काढत सुटले. सहा महिन्यांनी मार्गदर्शक बाईंनी एकेका टिपणावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, “हे त्याला कसं कळलं?” निम्म्याहून अधिक टिपणांपुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं.

तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. ब्रॅडफर्ड वाचायला घेणाऱ्यांसाठी तर हे आहेच, पण पहिल्या पिढीतल्या कुठल्याही वसाहतकाराची वही हाती आली तरी याच पायऱ्यांनी जाता येईल. साक्षीदार एकच असला तरी त्याची साक्ष पानागणिक बदलते, एवढं सुरुवातीलाच मनात पक्कं करा.

हाताशी काय काय हवं

- मूळ हस्तलिखिताच्या प्रतिमा. हस्तलिखित बोस्टनला, मॅसॅच्युसेट्सच्या स्टेट लायब्ररीत आहे. त्यांनी पानन् पान स्कॅन करून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे. पुण्यात बसून मी तेच वापरलं.
- जुनी स्पेलिंगं जशीच्या तशी ठेवणारी छापील आवृत्ती. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीची १९१२ ची दोन खंडांची आवृत्ती तळटीपांसाठी फार उपयोगी आहे आणि ती फुकट मिळते.
- सॅम्युअल इलियट मॉरिसन यांची १९५२ ची आधुनिक स्पेलिंगची आवृत्ती. भरभर वाचायला हीच बरी. मात्र ब्रॅडफर्डने मजकुरातच उतरवून घेतलेली बरीचशी पत्रं या आवृत्तीत परिशिष्टात गेली आहेत. त्यामुळे कुठलं पत्र मुळात कुठे होतं हे प्रतिमांवरून तपासावं लागतं.
- समकालीन जोडसाधनं: १६२२ साली लंडनला छापलेली ‘मोर्ट्स रिलेशन’, १६२४ ची, ब्रॅडफर्डचा सहकारी एडवर्ड विन्स्लो याची ‘गुड न्यूज फ्रॉम न्यू इंग्लंड’ आणि १६३७ ची थॉमस मॉर्टनची ‘न्यू इंग्लिश केनन’.
- दोन नकाशे: फ्रेंच दर्यावर्दी शॅम्पलेनने १६०५ च्या सफरीत काढलेला प्लिमथच्या बंदराचा आणि जॉन स्मिथचा १६१६ चा.
- चार रकान्यांची वही. रकाने कसे आखायचे ते चौथ्या पायरीत आहे.

१. आधी वहीचा प्रवास जाणून घ्या

मजकूर उघडण्याआधी ही वही आपल्यापर्यंत कशी आली ते पाहा. ब्रॅडफर्डच्या हयातीत ती छापली गेली नाही. घरातच मुलाकडे, मग नातवाकडे राहिली. ब्रॅडफर्डच्या दुसऱ्या बायकोचा भाचा नथानिएल मॉर्टन याने तिच्यातून भरपूर उतरवून १६६९ साली स्वतःचं पुस्तक छापलं. १७२८ साली थॉमस प्रिन्स या पाद्र्याने ती नातवाकडून मिळवली आणि बोस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमधल्या आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवली. पुढे अमेरिकन क्रांतीच्या काळात ब्रिटिश फौजेने त्या चर्चच्या इमारतीत घोड्यांची रपेट चालवली, आणि त्या धामधुमीत वही गेली ती गेलीच. १८५५ साली ती लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात सापडली. १८५६ साली चार्ल्स डीन यांनी पहिल्यांदा संपूर्ण मजकूर छापला, आणि १८९७ साली मूळ वही मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली.

ब्रॅडफर्डने पत्रांच्या नकलांचीही एक वेगळी वही ठेवली होती. तिचा उरलेला भाग कॅनडात, हॅलिफॅक्सच्या एका किराणा दुकानात सापडला. सापडलेलं पहिलं पान होतं ३३९ वं. आधीची ३३८ पानं कुठे गेली असतील याचा अंदाज करायला आपल्याला फार कष्ट पडत नाहीत. दफ्तरांच्या रद्दीत पुड्या बांधल्या गेल्याच्या हकिकती आपल्याकडेही घरोघरी आहेत.

हा प्रवास कशाला पाहायचा? कारण १८५६ च्या आधीच्या बहुतेक पुस्तकांत ‘ब्रॅडफर्ड म्हणतो’ असं आलं, तर तो बहुधा मॉर्टनच्या किंवा प्रिन्सच्या हातून आलेला ब्रॅडफर्ड असतो. एक उदाहरण देते. ‘मेफ्लॉवर करार’ म्हणून प्रसिद्ध असलेला ११ नोव्हेंबर १६२० चा करारनामा ब्रॅडफर्डने उतरवून घेतला आहे, ‘मोर्ट्स रिलेशन’मध्येही तो आहे. पण सह्या करणाऱ्या ४१ जणांची यादी या दोन्हींत नाही. ती पहिल्यांदा छापली मॉर्टनने, जवळजवळ पन्नास वर्षांनी. मूळ कागद आज उपलब्ध नाही. ‘अमक्याची सही होती’ असं लिहाल, तेव्हा आधार मॉर्टनचा द्या, ब्रॅडफर्डचा नको.

२. कुठलं पान केव्हा लिहिलं ते वेगळं करा

वृत्तांताचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात इंग्लंडमधलं स्क्रूबी गाव, राजमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या लोकांचा छळ, हॉलंडमधल्या लायडनची बारा वर्षं, जहाजाचा प्रवास आणि २५ डिसेंबर १६२० रोजी पहिलं घर बांधायला घेतलं तिथपर्यंतचा मजकूर येतो. दुसरा भाग शकावलीसारखा आहे. एकेक वर्षाचा मथळा आणि त्याखाली त्या वर्षाच्या घडामोडी, १६४६ पर्यंत.

आपण लिहायला १६३० च्या सुमारास घेतलं आणि पुढे सवडीने तुकडे जोडत गेलो, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे स्क्रूबीतून पळून जाताना जो सतरा-अठरा वर्षांचा होता, त्याने ती हकिकत चाळिशीत लिहिली. दुसऱ्या भागातली वीसच्या दशकातली वर्षंही बरीच मागाहून, जुनी पत्रं समोर ठेवून लिहिलेली आहेत. ही रोजनिशी नाही. सभासद बखर वाचताना आपण लक्षात ठेवतो ना, की ती महाराजांच्या निधनानंतर दीडएक दशकाने जिंजीला लिहिली गेली? तोच हिशेब इथे लावा. प्रत्येक टिपणाच्या कडेला घटनेचं वर्ष आणि लेखनाचं अंदाजे वर्ष अशा दोन्ही नोंदी करा.

म्हणूनच ‘मोर्ट्स रिलेशन’ इतकी मोलाची. पहिल्या वर्षाची हकिकत तिच्यात ताजी आहे आणि तिचा बराचसा मजकूर ब्रॅडफर्ड आणि विन्स्लो यांचाच मानला जातो. एकाच माणसाने एकच गोष्ट लगेच लिहिली आणि पुन्हा बऱ्याच वर्षांनी लिहिली, असं क्वचितच हाती लागतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मधल्या काळात त्याने काय गाळलं, कशाला देवाची योजना म्हटलं, हे ओळीओळीत दिसतं.

३. तारखा जुळवून घ्या

इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी, ज्युलियन गणना चालत होती. आजच्या गणनेपेक्षा ती दहा दिवस मागे होती आणि नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे ११ नोव्हेंबर म्हणजे आजच्या हिशेबाने २१ नोव्हेंबर. समोसेट नावाचा स्थानिक माणूस १६ मार्चला वस्तीत येऊन इंग्रजीत बोलला, ही हकिकत आपण १६२१ ची म्हणतो, पण ब्रॅडफर्डच्या वहीत ती ‘१६२० चं उरलेलं वर्ष’ या मथळ्याखाली आहे. माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात अशा नोंदींचं एक अख्खं वर्ष चुकलं होतं.

आपल्याला हा घोळ नवा नाही. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियनच आहे, आजच्या गणनेने ती १ मार्च येते, आणि त्या काळचा इंग्रज ते वर्ष १६२९ लिहिता. नियम एकच ठेवा: दिवस मूळात आहे तसा, वर्ष मात्र १ जानेवारीपासून मोजलेलं. हे लेखाच्या पहिल्याच तळटीपेत सांगून टाका.

४. दर घटनेला विचारा: याला कसं कळलं?

सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला. वहीत चार रकाने आखा: स्वतः पाहिलं, दुसऱ्याने सांगितलं, कागदावरून उतरवलं, स्वतःचं मत. प्रत्येक परिच्छेद यांपैकी एका रकान्यात बसवा. एकच परिच्छेद दोन-तीन रकान्यांत तुटला तरी बिचकू नका, तो तुटायलाच हवा.

पहिला हिवाळा घ्या. १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे वसंतापर्यंत गेले. ब्रॅडफर्ड लिहितो की एकेका दिवशी दोन-तीन माणसं दगावत, आणि सहा-सात जणच काय ते धडधाकट उरले होते. हे सहा-सात जण सरपण आणत, विस्तव पेटवत, रांधत, अंथरुणं घालत, आजाऱ्यांचे घाणीने भरलेले कपडे धूत. त्यांतली दोन नावं तो देतो, विल्यम ब्रूस्टर आणि कॅप्टन माइल्स स्टॅन्डिश. आणि मग म्हणतो की आमच्या त्या दीन, आजारी अवस्थेत मी स्वतः आणि इतर अनेक जण त्यांचे ऋणी आहोत. हे वाक्य सापडलं तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला. सांगणारा इथे अंथरुणावर आहे. त्या कपड्यांत त्याचेही कपडे असतील. पहिल्या रकान्यात बिनधास्त लिहावा असा हा मजकूर.

आता १६३७ घ्या. पीक्वॉट लोकांच्या मिस्टिक नदीकाठच्या तटबंद गावाला कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांनी आग लावली. माणसं आगीत होरपळत होती, रक्ताचे ओहोळ त्या आगीला विझवत होते, दुर्गंधी भयंकर होती, पण विजय गोड यज्ञबलीसारखा वाटला, असं ब्रॅडफर्ड लिहितो. वर्णन इतकं अंगावर येतं, की लिहिणारा तिथे उभा होता असंच वाटतं. तो तिथे नव्हता. प्लिमथने पन्नास माणसं पाठवायचं ठरवलं होतं, पण ती निघण्याआधीच आता गरज नाही असा निरोप आला. म्हणजे हा मजकूर दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातला, आणि ‘यज्ञबली’ हा शब्द चौथ्यातला. मेलेल्यांचा आकडा तो सुमारे ४०० देतो. हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या जॉन मेसनच्या वृत्तांतात तो सहाशे-सातशेवर जातो. आकडा उचलताना कुणाचा ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी नोंद मधल्या जातीची आहे. १६३४ साली कनेटिकट नदीकाठच्या लोकांत देवी पसरल्या. फोड फुटून कातडी चटईला चिकटते, कूस बदलली की सोलून निघते. पाणी आणायला, सरपण गोळा करायला कुणी उरत नाही, म्हणून माणसं घरातली लाकडी भांडीच जाळतात, अशी ती नोंद आहे. हेही ब्रॅडफर्डने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण त्या नदीवर प्लिमथचं व्यापारी ठाणं होतं, तिथल्या माणसांनी आजाऱ्यांना पाणी-सरपण नेऊन दिलं, मेलेल्यांना पुरलं, आणि ती माणसं प्लिमथचीच. ऐकीव खरी, पण एकाच हाताने पोचलेली. ऐकीव मजकुराच्याही अशा पायऱ्या असतात, त्या रकान्यात नोंदवा.

५. काय नाही, त्याचीही यादी करा

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथली. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाची पहिली मेजवानी मी ब्रॅडफर्डच्या नावावर दिली होती, कारण एका मदत-पुस्तकात तसं छापलं होतं. वहीत १६२१ च्या सुगीचं वर्णन आहे. मासे, पाणपक्षी, रानटी टर्की, हरणाचं मांस, मका यांचा साठा झाला असं आहे. मेजवानी मात्र नाही. ती आहे विन्स्लोच्या ११ डिसेंबर १६२१ च्या पत्रात: स्थानिक वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट आपली नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस राहिला, त्याच्या माणसांनी पाच हरणं मारून आणली. बस, एवढंच.

असंच आणखी काही. ज्या ‘प्लिमथ रॉक’वर पाय ठेवून ते उतरले असं सांगतात, त्या खडकाचा वहीत उल्लेख नाही, १७४१ साली नव्वदी पार केलेल्या एका म्हाताऱ्याने तो दाखवला तेव्हापासून ती गोष्ट चालत आली. १६२० च्या सफरीच्या वर्णनात जहाजाचं ‘मेफ्लॉवर’ हे नावही नाही. ‘पिलग्रिम’ हा शब्द आहे, पण लायडन सोडतानाच्या एका वाक्यात, आपण या जगात वाटसरू आहोत अशा अर्थाने. पूर्ण समूहाचं नाव म्हणून तो फार पुढे रूढ झाला.

नसलेल्या गोष्टीवरून घाईने निष्कर्ष काढू नका. मेजवानी लिहिली नाही म्हणजे ती झाली नाही, असं होत नाही. त्याला ती लिहिण्याजोगी वाटली नाही, इतकंच म्हणता येतं.

६. अक्षर आणि शब्द

मोडी वाचलेल्याला ब्रॅडफर्डचं अक्षर जड जाणार नाही. ‘वाय’च्या डोक्यावर बारीक ‘ई’ दिसली, की तो शब्द ‘द’ वाचायचा; बारीक ‘टी’ दिसली तर ‘दॅट’. अक्षरावर आडवी रेघ असेल तर ‘एम’ किंवा ‘एन’ गाळलेला असतो. ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात. पहिली पाच पानं छापील आवृत्ती शेजारी ठेवून वाचा, सहाव्या पानापासून हात बसतो.

ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. त्याच्या इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न, ‘प्रेझेंटली’ म्हणजे ताबडतोब, ‘कॉर्न’ म्हणजे कुठलंही धान्य.

आणि एक शब्द असा आहे की त्यावर थांबलंच पाहिजे: ‘विल्डरनेस’. जहाजातून दिसलेला किनारा म्हणजे भयाण, ओसाड रान, हिंस्र पशू आणि रानटी माणसांनी भरलेलं, असं तो लिहितो. हा उतारा पाठ्यपुस्तकांचा फार लाडका. आता शॅम्पलेनचा नकाशा काढा. पंधरा वर्षांपूर्वी प्लिमथच्या बंदराच्या कडेने घरं आणि शेतं आखलेली दिसतात. ते पॅटक्सेट हे वाम्पानोआग लोकांचं गाव. १६१६ ते १६१९ च्या साथीने ते रिकामं झालं, आणि प्लिमथ त्याच्याच मोकळ्या झालेल्या शेतांवर वसलं. ‘प्लिमथ’ हे नावसुद्धा स्मिथच्या १६१६ च्या नकाशावर आधीच छापलेलं होतं. खुद्द ब्रॅडफर्डही पुढे १६२१ च्या नोंदीत लिहितो की आत जाताना माणसांच्या कवट्या आणि हाडं जमिनीवर तशीच पडलेली दिसली. ‘ओसाड रान’ आणि ‘पडलेली हाडं’ एकाच वहीत आहेत. दोन्ही टिपणं समोरासमोर लावा.

ज्याने त्यांना मासळीचं खत घालून मका लावायला शिकवलं, तो टिस्क्वांटम याच गावचा. १६१४ साली थॉमस हंट नावाच्या कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये मालागाला विकायला नेलं, तिथून तो लंडनला पोचला, आणि परत आला तेव्हा गावात कुणी उरलं नव्हतं. ब्रॅडफर्ड त्याला देवाने धाडलेलं खास साधन म्हणतो. त्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट कशी असेल, हे वहीत कुठेही नाही. ही उणीव टिपणात शब्दांत लिहा. कोरी जागा सोडली तर महिन्याभराने तुमचं तुम्हालाच आठवणार नाही.

७. विरोधात बोलणारा शोधा

१६२८ च्या नोंदीत ब्रॅडफर्ड थॉमस मॉर्टनवर (हा नथानिएल नव्हे, दुसराच) तुटून पडतो. मेरी माउंट या आपल्या वस्तीत मॉर्टनने उंच खांब उभारून नाचगाणं आणि मद्यपान मांडलं, आणि त्याहून वाईट म्हणजे स्थानिकांना बंदुका विकल्या. मॉर्टननेही आपल्या पुस्तकात उट्टं काढलं, स्टॅन्डिशला त्यात तो ‘कॅप्टन श्रिंप’, म्हणजे कोळंबी कप्तान म्हणतो. दोघेही वैरी, दोघांचेही हितसंबंध बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारात. एकाला खोटं ठरवायच्या फंदात पडू नका. दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टी आधी काढा, त्या फार भक्कम असतात.

विरोध कधीकधी वहीच्या आतच असतो. १६२३ साली स्टॅन्डिशने वेसागसेट या दुसऱ्या इंग्रज वस्तीत विटुवामट आणि पेक्सुअट या स्थानिक योद्ध्यांना आत बोलावून ठार केलं. त्यावर लायडनहून त्यांचे धर्मगुरू जॉन रॉबिन्सन यांनी पत्र पाठवलं: कुणाला मारण्याआधी काहींना धर्मात आणलं असतंत तर किती बरं झालं असतं! ब्रॅडफर्डने हे पत्र दडवलं नाही, आपल्या वृत्तांतात उतरवून घेतलं. त्याच्याविषयी मला खरा आदर वाटला तो हे पत्र वाचून. ज्याची वही पूर्वग्रहांनी भरलेली आहे, तोच आपल्याविरुद्धचा कागदही जपून ठेवतो.

वाम्पानोआग बाजू त्या काळच्या इंग्रजी कागदांत फार थोडी उतरली आहे. पण ते लोक आजही तिथे आहेत, स्वतःचा इतिहास सांगतात, आणि १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथला शोकदिन पाळला जातो. प्लिमथ पॅटक्सेट म्युझियमचं नाव २०२० साली बदलून त्यात पॅटक्सेट आलं. त्यांचं साहित्य जरूर वाचा.

८. हिशेबाची पानं गाळू नका

सगळे गाळतात, मीही गाळली होती. वसाहतीत पैसे घातलेल्या लंडनच्या व्यापाऱ्यांचं कर्ज, वसाहतीचा प्रतिनिधी आयझॅक ॲलर्टन याने केलेला गोंधळ, जहाजांचा माल, व्याज, पत्रावर पत्र. पण वसाहत खऱ्या अर्थाने कळते ती इथे. नोव्हेंबर १६२१ ला ‘फॉर्च्यून’ जहाज आलं. परत जाताना त्यात सुमारे ५०० पौंडांचा माल भरून दिला, आणि तो वाटेत फ्रेंचांनी लुटला. पुढे व्यापाऱ्यांचे हिस्से १८०० पौंडांना, वर्षाला २०० च्या हप्त्याने विकत घ्यायचं ठरलं. कर्ज मानेवर असलेल्या माणसाने ही वही लिहिली आहे. आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून तो कागदपत्रं जोडतो, आणि त्या काळजीमुळेच आपल्याला पत्रं मिळतात.

इथे एक मोठा सापळा आहे. १६२३ साली सामायिक शेती सोडून घरटी जमीन वाटून दिली आणि पीक वाढलं, बायकासुद्धा मुलांना घेऊन आपणहून शेतात जाऊ लागल्या, असा एक उतारा आहे. आजच्या राजकीय वादांत तो सर्रास फेकला जातो. ब्रॅडफर्ड स्वतः प्लेटोचं नाव घेऊन सामायिक मालकीवर टीका करतो हे खरं. पण ती सामायिक व्यवस्था लंडनच्या व्यापाऱ्यांशी केलेल्या सात वर्षांच्या करारातून आलेली होती, आणि १६२३ ची जमीन फक्त कसायला दिली होती, वारशाने द्यायला नाही. त्याच उताऱ्यात तसं स्पष्ट आहे. उतारा वापरायचा तर ते वाक्यही वापरा.

९. शेवटची पानं स्वतः पाहा

छापील आवृत्ती बाजूला ठेवून हे प्रतिमांवर पाहा. १६४६ ची हकिकत संपते, पुढे ‘सन १६४७, आणि सन १६४८’ एवढा मथळा आहे, आणि त्याखाली काहीही नाही. वहीच्या सुरुवातीच्या पानांवर हिब्रू शब्द घोटलेले आहेत. म्हातारपणी तो ती भाषा शिकत होता. देवाची वचनं ज्या भाषेत मूळ लिहिली गेली ती डोळ्यांनी पाहायची ओढ लागली आहे, असं तो म्हणतो.

शेवटी जहाजावरच्या माणसांची यादी आहे, १६५० च्या सुमारास केलेली: कोण आलं, कोण गेलं, कुणाला किती मुलं-नातवंडं झाली. नवशिक्याने सरावासाठी एक नाव निवडून सगळ्या साधनांत त्याचा माग काढावा. मी डॉरोथी ब्रॅडफर्ड निवडली, त्याची पहिली बायको.

यादीत ती नवऱ्याच्या नावाला जोडून येते: विल्यम ब्रॅडफर्ड आणि डॉरोथी त्याची बायको, एकच मूल, तो मुलगा मागे ठेवलेला, नंतर आला. पुढे, कोणाचं काय झालं या भागात: त्याची बायको आल्यावर लवकरच वारली, त्याने पुन्हा लग्न केलं, चार मुलं आहेत. मुख्य वृत्तांतात तिच्या मृत्यूबद्दल एक शब्द नाही. ७ डिसेंबर १६२० ही तारीख प्रिन्सकडून येते, त्याच्याकडे ब्रॅडफर्डची मृत्यूंच्या नोंदींची खिशातली वही होती. डॉरोथी जहाजावरून पाण्यात पडून बुडाली, हे १७०२ साली कॉटन मॅदर छापतो. नवरा तेव्हा होडीतून किनाऱ्याच्या शोधफेरीवर गेला होता. आणि तिने जीव दिला ही आज सर्रास सांगितली जाणारी गोष्ट १८६९ साली एका मासिकात आलेल्या कल्पित कथेतून पसरली.

म्हणजे एका बाईच्या मरणाचे चार थर, २५० वर्षांत साचलेले. तुमच्या वहीत चारही वेगवेगळ्या ओळींवर लिहा, प्रत्येकापुढे साल आणि सांगणारा. ब्रॅडफर्डच्या नावापुढे फक्त त्याने लिहिलं तेवढंच: आल्यावर लवकरच वारली.